खरवड

रायपूर शहर ओलांडून उत्तरेकडे निघाले आणि बिरगावची दाट वस्ती मागे पडली, की उरल्याच्या औद्योगिक क्षेत्राची चिन्हे दिसू लागतात. स्पंज आयर्नचे कारखाने, लोखंडी सळया लाटणाऱ्या रोलिंग मिल, मालमोटारींच्या रांगा आणि या सर्वांवर पसरलेली एक बारीक, काळसर धूळ. येथल्या गृहिणीचा दिवस फडके हातात घेऊन सुरू होतो. ओटा पुसावा, खिडकीचा कठडा पुसावा, डब्यांची झाकणे पुसावीत. दुपारी पुन्हा बोट फिरवले तर बोटाला काजळी लागतेच. दुधाचे पातेले क्षणभरही उघडे ठेवायचे नाही, हा इथल्या घराघरांतला अलिखित नियम आहे.

अशाच एका मराठी घरात गेल्या हिवाळ्यात दूध अनेकदा उतू गेले, करपले आणि एकदा फाटलेही. घरातली सून रांधण्यात काही नवखी नव्हती. वीस वर्षे तिने त्या ओट्यापाशी काढली होती. नागपुरी वडाभात, गोळाभात, पातोडीची आमटी या गोष्टी तिच्या हाताला सवयीच्या होत्या, आणि शेजारणींकडून शिकलेला छत्तीसगढी फरा नि चीलाही तिला साधत असे. परंतु त्या हिवाळ्यात तिच्याकडे मागणी आली ती एका अशा पदार्थाची, जो तिने कधी पाहिला नव्हता आणि मागणाऱ्याला ज्याचे नीट वर्णन करता येत नव्हते.

मागणारे होते तिचे सासरे. घरात त्यांना सारे अण्णा म्हणत. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, नव्वदीच्या उंबरठ्यावर आलेले. श्रावणात त्यांची पत्नी गेली आणि त्यानंतर त्यांच्या जेवणातला जीवच गेला. पानावर बसत, भाताची दोन शिते चिवडत आणि हात धुऊन उठत. डॉक्टरांच्या मते आजार असा काही नव्हता. वय होते आणि मन नव्हते. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी सुनेने नेहमीप्रमाणे विचारले, "अण्णा, काय करू तुमच्यासाठी?" नेहमीप्रमाणे "काही नको" असे उत्तर येण्याऐवजी अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "पुडिंग. डोंगरगडला मिळायचं तसं."

या एका वाक्यामागे पुष्कळ इतिहास होता. छत्तीसगढात मराठी माणूस आला तो अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या सैन्यामागून. भास्करपंतांची स्वारी १७४१ मध्ये रतनपुरावर आली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी तेथूनच या मुलखाचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगढही इंग्रजांकडे गेले. त्यानंतर आलेले मराठी लोक तलवारीऐवजी लेखणी घेऊन आले. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी कोर्टात. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठीभाषकाने १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, ते याच मातीत. आणि १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून रुळांच्या कडेकडेनेही मराठी घरे वसत गेली. अण्णांचे घर त्यांपैकी एक होते.

गार्ड आणि ड्रायव्हर यांना गाडी पोहोचवून परतीची गाडी मिळेपर्यंत विश्रांतीसाठी जी जागा असते, तिला रनिंग रूम म्हणतात. नागपूर आणि रायपूर यांच्या मधल्या डोंगरगडला अशी एक रनिंग रूम होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिथला खानसामा कोणा साहेबाच्या बंगल्यावर हाताखाली शिकून तयार झालेला होता. गोरे साहेब निघून गेले, पण त्यांच्या स्वयंपाकघराचे काही अवशेष खानसाम्याच्या हातात राहिले होते. थंडीच्या रात्री, पहाटेची मालगाडी घेऊन आलेल्या तरुण गार्डापुढे तो कधीमधी एक पांढरी बशी ठेवीत असे. त्या बशीत काय असे, ते अण्णांनी आयुष्यभर घरात कुणाला सांगितले नव्हते.

न सांगण्याला कारण होते. अण्णांच्या पत्नी, घरातल्या माई, सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक. अंडे त्यांच्या उंबरठ्याच्या आत कधी आले नाही. 'पुडिंग' हा शब्दच साहेबाचा; त्यात अंडे असणार, कदाचित त्याहूनही काही वावगे असणार, असे अण्णांनी गृहीत धरले होते. खानसाम्याला त्यांनी कधी विचारले नाही. विचारले असते आणि 'होय' असे उत्तर आले असते, तर खाणे सोडावे लागले असते. न विचारता खाता येत होते. मनुष्य स्वतःशी असे छोटे छोटे करार करीत असतो आणि ते मोडले जाऊ नयेत म्हणून प्रश्न टाळीत असतो. इतकेच की, डोंगरगडहून परतल्यावर माईंनी वाढलेल्या पहिल्या घासाला त्यांना नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होई.

सुनेच्या पिढीला पुडिंग म्हणजे कस्टर्ड. पुण्यात १९५६ मध्ये निघालेल्या वीकफिल्डसारख्या कंपन्यांमुळे कस्टर्डची पूड गावोगावच्या वाण्याकडे पोहोचली होती आणि त्यात फळांचे तुकडे घालून पाहुण्यांपुढे ठेवणे हा मध्यमवर्गीय घरांचा शिष्टाचार झाला होता. ही पूड मुळात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ मध्ये तयार केली. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे आणि कस्टर्ड तर अंड्यावाचून होत नसे. म्हणून त्याने पिठुळ पुडीने दूध दाट करण्याची युक्ती काढली. इंग्लंडातल्या एका बाईच्या पथ्यातून जन्मलेला हा पदार्थ हिंदुस्थानातल्या शाकाहारी घरांत सहज रुळला, यात नवल नाही.

मात्र त्या संध्याकाळी सुनेने घाई केली. थंड दुधात पूड कालवून घेण्याऐवजी ती थेट उकळत्या दुधात टाकली. मक्याचे पीठ साठ-सत्तर अंशांच्या उष्णतेला फुगते आणि चिकट होते. उकळत्या दुधात पडताच प्रत्येक चिमटीच्या बाहेरचा थर क्षणात फुगून बंद झाला आणि आतली पूड कोरडीच राहिली. पातेल्यात पिवळ्या गुठळ्या तरंगू लागल्या. गाळून, घोटून तिने ते कसेबसे सारखे केले. अण्णांनी एक चमचा घेतला आणि नम्रपणे म्हटले, "चांगलं आहे. पण हे नव्हे."

मग शेजारच्या क्वार्टरमधल्या एका बंगाली बाईंनी कॅरामल पुडिंग सुचविले. सुनेने प्रथमच घरात अंडी आणली. त्यासाठी वेगळे भांडे काढले, माईंच्या तसबिरीकडे पाठ करून ती फेटली आणि साखर करपवायला ठेवली. साखर वितळून सोनेरी होते आणि मग काही क्षणांतच काळी व कडू होते. त्या क्षणांच्या मध्ये थांबणे हे अनुभवाचे काम. ती थांबू शकली नाही. शिवाय कुकरच्या चार शिट्ट्यांमध्ये ते मिश्रण फाटले. अंड्यातील प्रथिने मंद आचेवर दुधाला धरून ठेवतात, पण आच वाढली की आक्रसतात आणि पाणी सोडून देतात. जाळीदार, कडवट, पाण्यात पोहणारा तो लगदा पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांनी तोही चाखला. मग प्रथमच त्यांनी आठवण काढून सांगितले, "त्यात भाताचं शीत असायचं. आणि वर तपकिरी साय."

भाताचे शीत! म्हणजे ते राइस पुडिंग होते. इंग्रज माणसाच्या बालपणाशी जे थोडे पदार्थ कायमचे जोडले गेले आहेत, त्यांत याचे स्थान मोठे आहे. ज्या देशात भाताचे पीक होत नाही, त्याने भाताच्या पदार्थाला आपले सांत्वन मानावे, हे जरा विलक्षणच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांनी लिहिलेल्या पाकग्रंथात तांदूळ, बदामाचे दूध आणि कोंबडीचे मांस यांचा एक शाही पदार्थ आहे. १६१५ मध्ये गर्व्हेस मार्कम याने गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकातले तांदळाचे पुडिंग तर अंड्याचे बलक, गोमांसाची चरबी आणि मसाले घालून आतड्यांत भरलेले असे. माईंची शंका चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात अगदी यथार्थ ठरली असती. पण पुढे तांदूळ स्वस्त झाला, राजाच्या ताटातून मुलांच्या बशीत उतरला, आणि उतरता उतरता त्यातले मांस, चरबी, आतडे गळून गेले. साध्या घरगुती कृतीत शेवटी उरले ते दूध, तांदूळ, साखर, किंचित लोणी आणि वर किसलेले जायफळ.

इंग्रजांच्या ज्या पदार्थांना आज मायेचे अन्न म्हणून गौरविले जाते, त्यांतील बहुतेकांचा उगम असाच काटकसरीत आहे. शिळ्या पावाच्या कापांना लोणी लावून, त्यांवर दूध-अंडे ओतून केलेले पुडिंग. काल उरलेल्या बटाट्याची आणि कोबीची तव्यावर परतलेली थापी. रविवारच्या मांसाचे उरलेले तुकडे बटाट्याखाली झाकून भाजलेली शेफर्ड्स पाय. दुसऱ्या महायुद्धात तेथे १९४० मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि ते पुरते संपायला १९५४ उजाडावे लागले. एक अख्खी पिढी मोजून मापून मिळालेल्या लोण्यावर नि साखरेवर वाढली. त्याच काळात, १९४३ मध्ये, साहेबाच्याच राज्यात बंगालमध्ये लाखो माणसे भाताच्या पेजेवाचून मेली, हेही विसरता येत नाही. एकाच साम्राज्यात कोणाला तांदूळ मोजून मिळत होता आणि कोणाला मिळतच नव्हता.

आणि काटकसरीचे हे शहाणपण काही साहेबाची मिरास नव्हे. मराठी घरात शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी मिळते. छत्तीसगढात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा नि मिरचीबरोबर खातात. त्याला बोरे-बासी म्हणतात. उरल्याच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्या कित्येकांचा उन्हाळा त्या थंड भातावर निभतो. २०२२ मध्ये राज्य सरकारने १ मे रोजी, कामगारदिनी, सर्वांनी बासी खावी असे आवाहन केले, तेव्हा गरिबाचे न्याहारीचे वाडगे प्रथमच समारंभाच्या टेबलावर आले.

सुनेला यातले सारे ठाऊक नव्हते. तिला इतकेच कळले होते की पुडिंगात भात आहे. तिने घरातला सर्वांत भारी तांदूळ काढला, लांब दाण्याचा जुना बासमती. तो दुधात शिजला, परंतु प्रत्येक शीत वेगळे, मोकळे, मानी. दूध दाट होईना. ते आटावे म्हणून तिने आच वाढविली आणि पलीकडच्या खोलीत मुलाच्या अभ्यासाकडे गेली. परतली तो घरभर करपल्याचा वास. वरचे दूध तिने दुसऱ्या भांड्यात काढले, पण करपलेल्या दुधाचा वास असा असतो की तो एका थेंबातून साऱ्या पातेल्यात शिरतो. ते दूध तिने मोरीत ओतले आणि तशीच बसून राहिली.

पाकशास्त्राची पुस्तके अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची आणि ती तर घरोघरची. या ग्रंथांनी मराठी स्वयंपाकाला माप दिले. परंतु पदार्थ कसा साधतो हे पुस्तक सांगते. बिघडला तर काय करावे, हे बहुधा शेजारीण सांगते. येथेही तसेच झाले. घरकामाला येणारी छत्तीसगढी बाई रिकाम्या पातेल्याकडे पाहून म्हणाली की जुन्या तांदळाचे दूध कसे दाटेल? नवा दुबराज आणा. नवे धान घरात येऊन महिनाही झाला नव्हता.

छत्तीसगढाला भाताचे कोठार म्हणतात, ते केवळ उत्पन्नासाठी नव्हे. या प्रदेशातील तांदळाच्या वाणांची विविधता एवढी, की डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूर येथे राहून हजारो नमुने गोळा केले. तो संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात जतन केलेला आहे. विष्णुभोग, बादशाहभोग, जवाफूल, जीराफूल ही नावे नुसती उच्चारली तरी सुवास येतो. नगरीच्या दुबराजाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा बारीक, सुगंधी तांदूळ. आणि नवा असला, की शिजताना मऊ होऊन दुधाला बिलगतो. एरवी गृहिणी ज्या चिकटपणाला दोष मानते, तोच येथे गुण ठरणार होता.

प्रश्न उरला वरच्या तपकिरी सायीचा. इंग्रजी घरात हे पुडिंग भट्टीत मंद आचेवर दोन-दोन तास ठेवतात. उरल्यात आकाशात धूर सोडणाऱ्या भट्ट्या शेकड्याने, पण सुनेच्या घरात भट्टी नव्हती. तिने जुन्या कुकरच्या तळाशी वाळूचा थर पसरला, त्यावर कडे ठेवले आणि कड्यावर दूध-तांदळाचे भांडे. पहिल्या खेपेस झाकणाची रबरी रिंग काढायची राहून गेली आणि रबर जळाल्याचा उग्र वास सुटला. दुसऱ्या खेपेस तिने रिंग काढली, शिट्टी काढली, आच अगदी बारीक केली आणि या वेळी जागची हलली नाही. दोन तासांनी झाकण उघडले. मधोमध फिकट, कडेने गडद होत गेलेली तपकिरी साय पातेल्यावर ताणलेली होती. तळ मात्र वाळूच्या उष्णतेने थोडा लागलाच होता.

तिने बशी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चमच्याने साय मोडली. पहिला घास तोंडात घोळवीत त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"अगदी हेच," ते शेवटी म्हणाले. मग थोडे चाचरत, खाली पाहत त्यांनी विचारले, "यात अंडं कितीसं लागतं गं?"

"अंडं नाहीच यात, अण्णा. दूध, नवा तांदूळ, साखर, जायफळ. वेलदोडा नसलेली खीरच की ही."

अण्णांचा चमचा थांबला. बाहेर रोलिंग मिलचा पाळीबदलाचा भोंगा वाजला आणि विरला.

"म्हणजे तिलासुद्धा देता आलं असतं," ते म्हणाले.

सुनेला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. साठ वर्षे जपलेला एक अपराध अवघ्या एका वाक्याने नाहीसा झाला होता. आणि त्याच्या जागी दुसरे, अधिक जड असे काही येऊन बसले होते. चोरून खाल्ल्याची खंत माणूस हळूहळू पचवितो. वाटून खाता आले असते, हे कळल्यावरची खंत मात्र वेगळी. डोंगरगडच्या त्या खानसाम्याला एकदा, केवळ एकदा, विचारले असते तर?

थोड्या वेळाने अण्णा आपण होऊनच बोलू लागले. माईंची तांदळाची खीर हमखास तळाला लागायची. घरात माणसे पुष्कळ, हाताला कामे अनेक. खिरीपाशी उभे राहायला सवड कुणाला? खीर वाढून झाली, की माई पळीने तळ खरवडीत. ती खरवड अण्णा मागून घेत. "एवढ्या चांगल्या खिरीतून तुम्हाला करपलेलंच कसं आवडतं?" असे माई दरवेळी म्हणत, आणि अण्णा दरवेळी हसून गप्प बसत. त्या तपकिरी, किंचित कडसर खरवडीत त्यांना डोंगरगडची साय सापडत असे, हे सांगण्याची सोय नव्हती.

दुधातली साखर आणि प्रथिने तापली, की परस्परांशी संयोग पावून तो तपकिरी रंग आणि तो खमंगपणा निर्माण करतात. १९१२ मध्ये लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या क्रियेचे वर्णन केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. इंग्रजी पुडिंगाच्या माथ्यावर जमणारी साय आणि मराठी खिरीच्या तळाला धरणारी खरवड या त्याच एका क्रियेच्या दोन बाजू. तिथे त्या सायीसाठी भावंडे भांडतात, इथे खरवडीसाठी. तिथे ती मुद्दाम आणतात, इथे नजर चुकली की येते. माईंच्या हातून नकळत जे घडत होते, तेच अण्णा दूर जाऊन, लपून शोधत होते.

त्या दिवसापासून अण्णा चार घास जास्त जेवू लागले, एवढेच म्हणता येईल. गेलेले माणूस परत येत नाही आणि वयही मागे फिरत नाही. पण पौष पौर्णिमेला छेरछेऱ्याचे मागणे मागत मुलांचे घोळके दारी आले, तेव्हा अण्णा स्वतः ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि पसापसा धान त्यांच्या झोळ्यांत घालीत राहिले. त्या दुपारी सुनेने पुन्हा नव्या दुबराजाचे पुडिंग केले होते. या वेळी अण्णांच्या सांगण्यावरून त्यात वेलदोडा घातला होता, आणि पहिली वाटी माईंच्या तसबिरीपुढे ठेवली होती.

जेवणे आटोपल्यावर सून पातेले खरवडू लागली. पळीचा तो खरखर आवाज ऐकून आतून हाक आली, "सूनबाई, खरवड आहे का?"

ती बशी घेऊन गेली. अण्णांनी चमच्याने खरवडीचे दोन भाग केले. एक आपल्याकडे ओढला आणि बशी तिच्याकडे सरकवीत म्हणाले, "हा तुझा."